हँडल हद्दपार करणारा केटरिंग

गाडी सुरू होत नाही म्हटलं की आपल्याकडचा मेकॅनिक आधी एकच गोष्ट विचारतो, गाडी सेल्फ घेते की नाही. 'सेल्फ' हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की तो कुठून आला याचा विचारही कुणी करत नाही. मूळ शब्द 'सेल्फ स्टार्टर'. स्टार्टर गळून गेला, सेल्फ उरला. मोटारीला हा विजेवरचा सेल्फ बसवून दाखवणाऱ्या माणसाचं नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग. अमेरिकेत ओहायो-मिशिगन भागात राहणाऱ्या मराठी माणसांच्या कानावर हे नाव कधी ना कधी पडतंच. डेटनजवळ केटरिंग नावाचं गाव आहे, फ्लिंटला केटरिंग विद्यापीठ आहे आणि न्यूयॉर्कचं स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटल तर भारतातल्या नातेवाईकांनाही ऐकून माहीत असतं. पण माणूस कोण होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

केटरिंगचा जन्म 29 ऑगस्ट 1876 चा, ओहायोतल्या लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावरचा. घरी पाच भावंडं, वडिलांची शेती. मुलगा हुशार, पण डोळे लहानपणापासून अधू. जरा जास्त वाचलं की डोकं दुखायचं. शालेय शिक्षण संपल्यावर त्यानं काही काळ गावाकडच्या एका खोलीच्या शाळेत मास्तरकी केली. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडावं लागलं. तेव्हा तो टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत कामाला लागला. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा जोडायच्या. ती मोकळ्या हवेतली मेहनत त्याला मानवली. डोळे थोडे सावरल्यावर तो पुन्हा कॉलेजात गेला. सोबती धडे वाचून दाखवत आणि हा ऐकून लक्षात ठेवी. अशा रीतीनं 1904 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्यानं इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळवली.

पहिली मोठी नोकरी डेटनच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत लागली. दुकानातला गल्ला मोजणारं यंत्र तेव्हा हातानं फिरवावं लागे. ते विजेवर चालवायचं काम केटरिंगकडे आलं. अडचण अशी, की यंत्राला ताकद बरीच लागते आणि गल्ल्याच्या पेटीत मोठी मोटर मावत नाही. केटरिंगनं बघितलं, की ही ताकद लागते ती फक्त क्षणभर. दिवसभर फिरणाऱ्या मोटरला जेवढा भार झेपतो, त्याच्या कितीतरी पट भार छोटी मोटर क्षणभर झेलू शकते, कारण तेवढ्या वेळात ती तापून जळत नाही. ही साधी गोष्ट त्यानं पक्की लक्षात ठेवली. पुढे तिनंच त्याचं नाव केलं.

कंपनीतलाच वरिष्ठ सहकारी एडवर्ड डीड्स याला मोटारींचं वेड होतं. त्याच्या घरामागच्या कोठारात संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी केटरिंग आणि मित्रांची टोळी जमू लागली. नोकरी सांभाळून रात्री स्वतःचा प्रोजेक्ट करणारी मंडळी आज आपल्या ओळखीत असतात, तसाच हा प्रकार. 1909 मध्ये दोघांनी मिळून डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिच्या आद्याक्षरांचा 'डेल्को' झाला. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांवर हे नाव अजून दिसतं.

डेल्कोचं पहिलं काम इंजिनातल्या ठिणगीचं. त्या काळी बऱ्याच गाड्यांत मॅग्नेटो असे. इंजिन जेवढं जोरात फिरेल तेवढी मॅग्नेटोची ठिणगी जोरदार. म्हणजे गाडी सुरू करताना, इंजिन हळूहळू फिरत असताना, जेव्हा ठिणगीची सर्वांत जास्त गरज, तेव्हाच ती मरतुकडी. केटरिंगनं बॅटरी आणि कॉईल वापरून अशी व्यवस्था केली, की इंजिन हळू फिरत असलं तरी ठिणगी दमदार पडावी. पुढे यातूनच बॅटरी, कॉईल, पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर ही जोडी-मांडणी रुळली. आपली अँबॅसॅडर असो की पद्मिनी, तिच्या बॉनेटखाली हीच मांडणी होती. जाणकार आजही तिला केटरिंग इग्निशन म्हणतात.

ठिणगी झाली, तरी इंजिनाला पहिले दोन-चार फेरे द्यायला हँडल मारणं चुकलं नव्हतं. हे काम नुसतं कष्टाचं नव्हतं, धोक्याचंही होतं. आधी ठिणगीची वेळ मागे घ्यायची, चोक ओढायचा, मग गाडीपुढे वाकून हँडल झटक्यात वर खेचायचं. अंगठा मुठीत न अडकवता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर अंगठा, मनगट, कधी जबडाही मोडे. थंडीत तर हाल विचारू नका. ऑईल काकवीसारखं घट्ट, हँडल हलता हलत नाही. रेडिएटरमधलं पाणी गोठून इंजिन फुटू नये म्हणून रात्री ते काढून ठेवायचं आणि सकाळी गरम पाणी ओतायचं. म्हातारी माणसं आणि बऱ्याच बायका पेट्रोलच्या गाडीच्या वाटेला जात नसत. त्या काळी विजेच्या गाड्या चांगल्या चालत होत्या, त्याचं हेही एक कारण. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा विजेची गाडी वापरत होती.

कॅडिलॅक कंपनीचा प्रमुख हेन्री लेलँड याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. त्याचा मित्र बायरन कार्टर हा स्वतः मोटारी बनवणारा. डेट्रॉईटला रस्त्यात बंद पडलेल्या गाडीतल्या एका बाईला मदत म्हणून तो हँडल मारायला गेला. हँडल उलटं फिरलं, त्याला जबर लागलं आणि त्यातूनच पुढे तो गेला. लेलँडनं ही गोष्ट मनाला लावून घेतली आणि कॅडिलॅकला हँडल नको असं ठरवून टाकलं. काम डेल्कोकडे आलं.

इंजिन फिरवायला लागणारी मोटर जवळजवळ इंजिनाएवढीच मोठी होईल, असं तेव्हाच्या बऱ्याच जाणकारांचं मत होतं. हिशेब चुकीचा नव्हता, पण तो सतत फिरणाऱ्या मोटरचा होता. केटरिंगला गल्ल्याचं यंत्र आठवत होतं. इथेही ताकद लागणार ती काही सेकंदच. छोटी मोटर, तिच्यापुढे दातेरी चाकं आणि थोडा वेळ भरपूर करंट देणारी बॅटरी, एवढ्यावर काम भागलं. इंजिन सुरू झालं की तीच मोटर उलट इंजिनानं फिरायची, डायनामो व्हायची आणि बॅटरी पुन्हा भरून द्यायची. त्याच बॅटरीवर ठिणगी आणि दिवेही. सुरू करणं, पेटवणं आणि उजेड, तिन्ही कामं एका व्यवस्थेत. 1911 मध्ये हे जमलं आणि कॅडिलॅकच्या 1912 च्या गाड्या सेल्फ घेऊन बाजारात आल्या. बाकीच्या कंपन्यांना मागोमाग यावंच लागलं. फोर्डच्या मॉडेल टीला मात्र 1919 पर्यंत थांबावं लागलं. पेट्रोलची गाडी चालवणं ज्यांना हँडलमुळे जमत नव्हतं त्यांना ते जमू लागलं आणि विजेच्या गाड्या मागे पडत गेल्या.

तरीही सेल्फनं थंडीचा प्रश्न संपवला नाही, फक्त माणसाच्या हातातून काढून घेतला. मिशिगनला जानेवारीत पारा उणे पंधरा-वीसवर गेला, की कार्बोरेटरची जुनी गाडी ठेवणाऱ्यांना हे दरवर्षी नव्यानं कळतं. मुळात पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. गरम इंजिनात साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल पुरतं. गार इंजिनात बरंचसं पेट्रोल नळीच्या भिंतींना थेंबाथेंबानं चिकटून बसतं आणि सिलिंडरपर्यंत पुरेशी वाफ जात नाही. म्हणून चोक. चोकची झडप हवा अडवते, आतला ओढा वाढतो आणि कार्बोरेटरमधून जास्तीचं पेट्रोल खेचलं जातं. त्यातला थोडा हिस्सा वाफ झाला तरी गाडी पेटते. आपल्याकडे बजाजची स्कूटर सकाळी एका बाजूला झुकवून मग किक मारायची पद्धत होती, तीही कार्बोरेटरला थोडं जास्त पेट्रोल मिळावं म्हणूनच.

त्यात बॅटरीची अडचण वेगळी. उणे अठराच्या आसपास शिशाची बॅटरी निम्म्याच्या आसपास ताकद देते आणि नेमकं तेव्हाच घट्ट ऑईलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. शिवाय सेल्फ सगळा करंट खाऊन बसला, की कॉईलला कमी व्होल्टेज मिळतं आणि ठिणगीही मंदावते.

म्हणून जुनी गाडी थंडीत सुरू होत नसेल, मग ती इथे असो की काकांच्या गॅरेजमधली पद्मिनी असो, तपासायचा क्रम ठरवून घ्यावा. सेल्फ नेहमीसारखा जोरात फिरतो का, हे पहिलं. नसेल तर बॅटरी, तिच्या टोकांवर साठलेली पांढरी-हिरवी भुकटी, अर्थिंगची पट्टी आणि ऑईलचा दाटपणा बघायचा. सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर ठिणगी बघायची. जळलेले पॉइंट, चुकलेली फट, खराब कंडेन्सर, ओल धरलेली डिस्ट्रिब्युटरची टोपी, काळे प्लग. ठिणगी चांगली असेल तर पेट्रोल. गाडी आठवडेच्या आठवडे उभी असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, पंप ती भरेपर्यंत सेल्फ थोडा थोडा, मध्ये विश्रांती देत मारावा लागतो. टाकीतलं पेट्रोल जुनं असेल तर ते बदलावं. पेट्रोलमधला पटकन उडणारा हलका भाग आधी जातो आणि थंडीत गाडी पेटवायला नेमका तोच लागतो. मग चोक. गार इंजिनावर झडप पूर्ण मिटते का आणि इंजिन गरम झाल्यावर पूर्ण उघडते का, दोन्ही बघावं. चोक ओढलेलाच राहिला तर प्लग काळे होतात आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन जातं. प्लग ओले निघाले तर पेट्रोल जास्त झालंय. तेव्हा चोक उघडा ठेवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा, पायानं पंप करत बसू नये. आणि बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून कधीही गरम करू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साईड वास न देता जीव घेतो.

आज हे सगळं गाडीतला कॉम्प्युटर करतो. इंजिन किती गार आहे ते सेन्सर सांगतो आणि किती पेट्रोल जास्त सोडायचं ते प्रोग्राम ठरवतो. आमच्यासारखे लोक तो प्रोग्राम लिहितात. पण तो प्रोग्राम जे प्रश्न सोडवतो, ते केटरिंगच्याच काळातले.

वाफेच्या या प्रश्नानंच केटरिंगच्या आयुष्याला पुढचं वळण दिलं. इंजिनात टकटक आवाज येतो, त्याला मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात. त्याचा दोष लोक केटरिंगच्या बॅटरी-इग्निशनला देत होते. त्यानं थॉमस मिडग्ली नावाच्या तरुण इंजिनिअरला कारण शोधायला लावलं. दोघांना एक रानफूल आठवलं. त्याची पानं तांबूस असतात आणि ते थंडी संपता संपताच फुलतं. लाल रंग उष्णता जास्त शोषत असेल, तर इंधन लाल केल्यावर त्याची वाफही लवकर होईल, असा त्यांचा तर्क. लाल रंगासाठी हाताशी आयोडीन होतं. ते घातलं आणि टकटक खरंच कमी झाली. मग दुसरे लाल रंग घालून बघितले, तर काहीच फरक नाही. म्हणजे काम रंगाचं नव्हतं, आयोडीनचं होतं. तर्क चुकला, पण इंधनात काहीतरी मिसळून नॉकिंग थांबवता येतं हे कळलं.

मधल्या काळात डेल्को विकली गेली आणि जनरल मोटर्समध्ये सामील झाली. 1920 पासून केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला आणि 1947 पर्यंत त्या जागेवर राहिला. पहिल्या महायुद्धात त्यानं चालकाशिवाय उडणारं आणि ठरलेल्या अंतरावर जाऊन पडणारं छोटं विमान बनवलं होतं, त्याला लोक 'केटरिंग बग' म्हणत. झटपट वाळणाऱ्या रंगामुळे गाडी रंगवायला लागणारे आठवडे वाचले, त्यातही त्याच्या विभागाचा वाटा होता. 1934 मध्ये डेन्व्हरहून शिकागोला एका दिवसात धावलेल्या झेफर रेल्वेगाडीचं डिझेल इंजिन त्याच्याच प्रयोगांतून आलं. त्याच्या नावावर शंभराहून कितीतरी जास्त पेटंट आहेत.

सगळंच जमलं असं नाही. पाणी गोठण्याचा त्रासच नको म्हणून त्यानं तांब्याच्या पात्यांनी हवेवर थंड होणारं इंजिन केलं. 1923 मध्ये ते शेव्हरलेट गाडीत बसवलं, पण रस्त्यावर आल्यावर ते तापू लागलं आणि ताकद सोडू लागलं. कंपनीनं गाड्या परत बोलावल्या. केटरिंगला ते इतकं लागलं की तो नोकरी सोडायला निघाला होता. आल्फ्रेड स्लोननं त्याला थांबवलं.

हे अपयश सर्वांना दिसलं आणि निस्तरलंही गेलं. त्याचं खरं नुकसान करणारं काम मात्र यश म्हणून गाजलं. डिसेंबर 1921 मध्ये मिडग्लीला टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग सापडलं. अगदी थोडं मिसळलं तरी नॉकिंग बंद. अल्कोहोल मिसळूनही ते जमत होतं, हे त्यांना माहीत होतं. पण अल्कोहोल जास्त प्रमाणात लागे आणि त्यावर कुणाचं पेटंट चालत नाही. शिसं विष आहे हे तर शतकानुशतकं माहीत होतं. तरी 1923 मध्ये डेटनच्या पंपावर हे पेट्रोल विकायला सुरुवात झाली. पुढच्या वर्षी त्यासाठी एथिल नावाची कंपनी निघाली आणि केटरिंग तिचा अध्यक्ष झाला. नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भास होऊ लागले, काहींना बांधून ठेवावं लागलं. पाच जण मेले, तीसहून जास्त हॉस्पिटलात गेले. डेटनमध्येही माणसं दगावली होती. 1925 च्या मे महिन्यात सरकारी आरोग्य खात्यानं बैठक बोलावली. ॲलिस हॅमिल्टन आणि यँडेल हेंडरसन यांनी धोक्याचा इशारा दिला. केटरिंगनं कंपनीची बाजू मांडली. विक्री काही काळ थांबली. समितीनं 1926 मध्ये बंदी घालण्याजोगं कारण दिसत नसल्याचं म्हटलं आणि शिशाचं पेट्रोल जगभर पसरलं.

त्याचा हिशेब आपल्यापर्यंत येतो. भारतात शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं ते 1 फेब्रुवारी 2000 पासून. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेले आपण सगळे शाळेत जाताना, रिक्षाच्या आणि बसच्या गर्दीत, तेच शिसं श्वासातून घेत होतो. मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते बाधतं आणि त्याची कुठलीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, त्यातून बाहेर पडला तो 2021 मध्ये.

केटरिंग खलनायक होता असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. 1945 मध्ये स्लोनबरोबर त्यानं कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था उभी केली आणि तिचा फायदा आजही रुग्णांना होतो. ज्याला डोळ्यांमुळे कॉलेज सोडावं लागलं, त्यानं शिक्षणासाठीही खूप केलं. पण त्याची एक सवय ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याचा भरवसा करून बघण्यावर होता. सेल्फ चालला नाही तर गाडी त्याच क्षणी सुरू होत नाही, दोष लगेच हातात येतो. हवेवरचं इंजिन तापलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ओरडतं. शिशाचा दोष मात्र गाडीत दिसणारच नव्हता, गाडी तर आणखी छान पळत होती. तो दिसणार होता दुसऱ्यांच्या मुलांत आणि तोही वर्षांनी. ज्यांना तो आधीच दिसत होता, त्यांचं ऐकायची संधी त्याला 1925 मध्ये मिळाली होती आणि ती त्यानं घेतली नाही. आमच्या धंद्यातही प्रोग्राम चालतोय ना, मग झालं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी हा माणूस आठवून देतो.

25 नोव्हेंबर 1958 रोजी, वयाच्या 82 व्या वर्षी, केटरिंग डेटनला वारला. तिथल्या वुडलँड दफनभूमीत तो आहे, राइट बंधूही तिथेच आहेत. डेटनला हवाई दलाचं मोठं संग्रहालय बघायला आपली बरीच मंडळी मुलांना घेऊन जातात, तिथे प्रवेशही मोफत आहे. गेलात तर केटरिंग बगची प्रतिकृती जरूर बघा. आणि मुलांनी हा कोण म्हणून विचारलं, तर सेल्फची गोष्ट सांगा आणि शिशाचीही सांगा.